ज्याची तारीख आधी

कांचनला जायचं होतं क्यूबाला आणि ती पोचली हायलियाला. दोष कुणाचा म्हणाल तर वकिलाचा. ग्रीन कार्डचं काम अगदी शेवटच्या टप्प्यावर आलेलं. अशा वेळी देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, क्यूबात तर मुळीच नाही, असं त्याने फोनवर दोनदोनदा बजावलं. इकडे बाईंनी पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांना शब्द देऊन ठेवलेला, की क्यूबातल्या साध्या माणसांच्या रोजच्या जगण्यावर लेख देते. त्यासाठी दोन वर्षं ऑफिस सुटल्यावर स्पॅनिशच्या वर्गाला जाऊन क्रियापदं घोकली होती. मूळची नागपूरची, आता व्हर्जिनियात हर्नडनला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, आणि सुट्टी मिळाली की कुठेतरी जाऊन त्यावर लिहायचं हे वेड. असं माणूस तिकीट कॅन्सल करून गप्प बसणार थोडंच.

नवरा निमिष म्हणाला, "अगं, मायामीला जा ना. अर्धं क्यूबा तिथेच येऊन बसलंय. व्हिसाची कटकट नाही, वकिलाची नाही. चिल कर यार."

हे त्याने कधी नव्हे ते बरोबर सांगितलं. मायामीला खेटून हायलिया नावाचं गाव आहे. तिथे दुकानाच्या पाटीपासून चर्चमधल्या प्रवचनापर्यंत सगळं स्पॅनिशमध्ये चालतं. बैठी घरं, पुढे लोखंडी कुंपण, फरशी घातलेलं अंगण, अंगणात कुबड्या घेतलेल्या संताची मूर्ती, आणि मागे आंब्याचं नाहीतर अ‍ॅव्होकॅडोचं झाड. पहाटे कोंबडा आरवतो. अमेरिकेत पंधरा वर्षं काढलेल्या कांचनने कोंबडा ऐकला तो इथे, आणि पहिल्याच दिवशी ती अंथरुणात उठून बसली.

तिने एका घराची मागची खोली आठवड्यासाठी घेतली होती. मालकीण कारिदाद. वय सत्तरीच्या पुढे, केस लालसर रंगवलेले, अंगात फुलाफुलांचा झगा, आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीतल्या माणसाशी त्या स्वयंपाकघरातून बोलत. कांचनने त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, मी तुम्हाला मावशी म्हणणार. कारिदादमावशींना तो शब्द इतका आवडला, की संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चारपाच जणींनी कांचनकडून त्याचा उच्चार नीट करून घेतला.

दुसऱ्या दिवशी कांचनने स्वतःची शोभा करून घेतली. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहाला रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी आहे. माणसं तिथे उभ्याउभ्या कॉफी घेतात, राजकारणावर भांडतात आणि कामाला जातात. कांचनने खिडकीतल्या बाईला कॉफी मागितली. तिने फोमचा एक पेला आणि वर बोटाएवढ्या प्लास्टिकच्या कपांची चवड दिली. कांचनने चवड बाजूला ठेवली आणि तो कडक, साखरेने दाट झालेला अर्क घोटाघोटाने अख्खा संपवला. आजूबाजूची भांडणं थांबली. तो पेला सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. एकाने घ्यायचा, बाजूला जे कोणी उभे असतील त्यांना छोट्या कपांतून द्यायचा, ओळख असो वा नसो. एक म्हातारा काळजीने म्हणाला, "बाई, जरा सावलीत बसा." तिचं काळीज दुपारपर्यंत धडधडत होतं. संध्याकाळी तिने ही गोष्ट फोनवर घरी सांगितली, तर लेक अनया म्हणाली, "आई, दॅट इज सो यू."

पण लेखासाठी हे झकास होतं. कोंबडे, कॉफी, डॉमिनोच्या सोंगट्या आपटणारे म्हातारे. कांचन खूश होती. असे आणखी दोन दिवस गेले की लेख तयार, असं तिला वाटत होतं. तोवर तिला घरातली खरी गोष्ट कळली.

कारिदादमावशींचा धाकटा भाऊ रोलांदो क्यूबातच राहतो, ओल्गीन नावाच्या शहरात. तो आयुष्यभर ट्रक चालवायचा. त्याला हर्निया झालेला, आणि तो वाढतवाढत इतका वाढला होता की त्याला पायरी चढवत नव्हती. आतडं कधीही अडकेल आणि अडकलं तर जीव जाईल, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलेलं. तिथल्या हॉस्पिटलात सर्जन आहे, टेबल आहे, हात चांगला आहे. पण सामान नाही. टाके घालायचा धागा, हातमोजे, अँटिबायोटिक, दुखणं थांबवायच्या गोळ्या, ड्रेसिंगचं कापड आणि मुख्य म्हणजे पोटात आतून लावायची ती बारीक जाळी, हे सगळं रोग्याने आणायचं. रोलांदोला येत्या गुरुवारची तारीख मिळाली होती. सामान पोचलं तर ऑपरेशन, नाही तर नंबर दुसऱ्याला. पुढची तारीख कधी, हे सांगायला तिथे कुणीच बसलेलं नव्हतं.

"मग कुरिअरने पाठवायचं ना," कांचन म्हणाली.

मावशी हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता. कांचनला मात्र आपण अगदीच हर्नडनहून आल्यासारखं वाटलं.

सामान जातं ते माणसाबरोबर. युसिमी नावाची एक चाळिशीची, धिप्पाड, कमी बोलणारी बाई दर पंधरवड्याला ओल्गीनला जाते आणि गल्लीभरच्या लोकांच्या वस्तू नेते. मंगळवारी सकाळच्या विमानाने ती निघणार होती. गुरुवारच्या आधी जाणारं दुसरं कुणी नव्हतं. तिने मावशींना एक छोटी बॅग दिली होती आणि सांगितलं होतं, औषधं फक्त यात, एवढ्याच वजनात, यापेक्षा रतीभर जास्त नाही. सोमवारी संध्याकाळी ती बॅग न्यायला येणार होती.

हे ऐकून कांचनला एकदम घरच्यासारखं वाटलं. भारतात जाणाऱ्या माणसाबरोबर सामान पाठवणं हा तर आपला धर्म. हर्नडनमध्ये कुणी निघालं की आदल्या रात्री दारावर ही रीघ. कुणाच्या आईची गुडघ्याची पट्टी, कुणाच्या सासऱ्यांचे बूट. आणि बॅग भरण्यात कांचनचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही, हे खुद्द निमिषचं सर्टिफिकेट. सगळ्या वस्तू खोक्यांतून बाहेर काढायच्या, मोज्यांत मोजे, बुटांत चॉकलेटं, मऊ वस्तूंच्या गुंडाळ्या. खोकं म्हणजे हवा, आणि हवेसाठी आपण एअरलाइनला वजन देत नसतो, हे तिचं ठरलेलं वाक्य.

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर मावशी ड्रेसिंगचं कापड आणायला सुनेकडे गेल्या. बॅग टेबलावर उघडी होती. ती बंद होत नव्हती आणि कांचनने सामान तोलायच्या हातकाट्याला अडकवून पाहिली तर वजनही थोडं जास्त भरत होतं. तिला राहवेना. मावशींना परत आल्यावर सुखद धक्का द्यावा, असं तिच्या मनात आलं. चांगल्याच मनाने आलं, हे इथे तिच्या बाजूने सांगून ठेवायला हवं.

ती कामाला लागली. गोळ्यांच्या बाटल्या म्हणजे निम्म्या रिकाम्याच. त्या तिने झिपलॉक पिशव्यांत ओतल्या आणि वर मार्करने सुवाच्य अक्षरात नावं लिहिली. इंजेक्शनच्या कुप्या खोक्यांतून काढून पायमोज्यांत गुंडाळल्या. हातमोज्यांचे, धाग्यांचे पुठ्ठे काढले, आतली पाकिटं रबरबँडने बांधली. जाळीचं पाकीट चपटं, ताठ आणि आडमुठं होतं. त्याचा खोका टाकून तिने ते कापडाभोवती घट्ट गुंडाळलं, गुडघा ठेवून हवा काढली आणि कडेला सारलं. बॅग अलगद बंद झाली. वजन कमी भरलं. पुठ्ठे आणि बाटल्या तिने चपट्या करून रस्त्यावरच्या निळ्या डब्यात टाकल्या, आणि थोड्याच वेळात रिसायकलिंगचा ट्रक येऊन डबा रिकामा करून गेला. कांचनने हात धुतले आणि वर स्वतःसाठी आंबा कापून घेतला.

मावशी आल्या त्या युसिमीला बरोबर घेऊनच, ती बसस्टॉपवर भेटली म्हणून. कांचनने बॅग पुढे केली. "हलकी झाली," ती म्हणाली.

युसिमीने चेन उघडली. पहिली झिपलॉक पिशवी उचलली, उजेडात धरली. मग पायमोजा उलगडला. मग रबरबँड लावलेला गठ्ठा.  सगळ्यात शेवटी तिने जाळीचं गुंडाळलेलं पाकीट उलगडून टेबलावर ठेवलं. एका कोपऱ्यात त्याची शिवण उकलली होती. आतलं पांढरं टोक बाहेर दिसत होतं.

"खोके कुठे आहेत?" तिने विचारलं.

कांचनने रस्त्याकडे बोट दाखवलं, आणि तेवढ्यात तिला सगळं समजलं. तरी युसिमीने सांगितलं. तिकडच्या विमानतळावर औषध सोडतात ते मूळच्या बंद खोक्यातलं. सुटी गोळी म्हणजे काय आहे, कुणाची आहे, कुणी बघायचं? सगळं काढून घेतात. वर पुढच्या वेळी युसिमीचीच बॅग उचकतात. आणि ही जाळी विमानतळावरून सुटली तरी उपयोगाची नाही. पाकीट उघडलं, निर्जंतुकपणा गेला. आता ही पोटात घालायची नाही.

 कांचनला वाटलं आता मावशी ओरडतील. नागपुरात तिच्या आईने असं काही झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं तोंडाचा पट्टा सोडला असता, आणि ते बरं झालं असतं. मावशी ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या, दोन्ही तळहात टेबलावर ठेवले, जाळीच्या त्या टोकाकडे पाहिलं. डोळे भरून आले ते त्यांनी झग्याच्या बाहीने पुसले. मग उठून कॉफीचं भांडं गॅसवर चढवलं.

"मावशी, मला माफ करा. मी रेंटल कार काढते, आत्ता फार्मसीत जाते, जे लागेल ते आणते."

"जाळी फार्मसीत मिळत नाही, पोरी. ती यायला मला दोन महिने लागले." त्यांनी तीन छोटे कप भरले. एक युसिमीला, एक कांचनला. "आधी पी. रिकाम्या डोक्याने काही सुचत नाही."

तिघींनी उभ्याउभ्या कॉफी घेतली. युसिमी म्हणाली, "मी सूर्य मावळल्यावर परत येते. तोवर जे खोक्यात असेल ते नेते." आणि ती गेली.

कांचनने मागच्या खोलीत जाऊन निमिषला फोन लावला. तो मीटिंगमधून बाहेर आला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. "अगं, चेक तरी करायचंस ना कुणाला विचारून," तो म्हणाला. "आय मीन, आपली लोणच्याची बरणी नव्हती ती." कांचनला रडू फुटलं. निमिषचा आवाज लगेच खाली आला. त्याने तासाभरात मेडिकल सप्लायच्या तीन वेबसाइट धुंडाळल्या. लवकरात लवकर म्हणजे शुक्रवार, असं प्रत्येकीने सांगितलं.

ती बाहेर आली तेव्हा मावशी कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांनी पलीकडच्या घराला हाक मारली आणि दोन वाक्यांत सांगितलं, की रोलांदोचं गुरुवारी आहे आणि सामान गेलं. काय गेलं, कुणामुळे गेलं, यातलं अक्षरही नाही. पलीकडची बाई आत गेली. मावशी पुढच्या घराकडे वळल्या. कांचन मान खाली घालून त्यांच्या मागे चालू लागली.

त्यानंतर जे झालं ते कांचनने डोळ्यांनी पाहिलं. पुढे पुष्कळ दिवस ती ते लोकांना सांगत राहिली, आणि दर वेळी सांगून झाल्यावर तिला वाटे की आपल्याला नीट सांगता आलेलं नाही.

त्या गल्लीतल्या प्रत्येक घरात एक कपाट होतं. कुठे चादरींच्या मागे, कुठे टीव्हीखाली, एका घरी तर पिठाच्या डब्याशेजारी. त्यात औषधं होती. बंद खोक्यांतली, तिकडच्या कुणासाठी तरी थोडीथोडी जमवलेली. आईच्या रक्तदाबाची, भाच्याच्या दम्याची, बहिणीच्या होणाऱ्या बाळंतपणाची. माणसं कपाटं उघडत होती आणि खोके बाहेर काढत होती. कुणी विचार करायला वेळ मागितला नाही. एका घरातून हातमोजे आले. रंगारीकाम करणाऱ्या एका माणसाने हातातला ब्रश तसाच डब्यावर ठेवून धाग्याचा खोका आणून दिला आणि परत भिंतीकडे गेला. एका बाईने गोळ्यांची बाटली कांचनच्या हातात ठेवली, झाकणावरचं सील अखंड आहे हे तिला नखाने दाखवलं, आणि तिच्या गालावर हात फिरवला. कांचनला तो हात चटका बसल्यासारखा लागला. आपणच हे केलं, हे त्या बाईला सांगावंसं तिला वाटलं आणि धीर झाला नाही.

मिरेलिस नावाची तरुण शिक्षिका कोपऱ्यावरच्या घरात राहत होती. तिच्याकडे अँटिबायोटिक इंजेक्शनचा अख्खा खोका होता. तिने तो दिला, तेव्हा खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी आधी अलगद काढून घेतली. चिठ्ठीवर एका बाईचं नाव होतं.

"हे कोण?" कांचनने विचारलं.

"माझी आई. तिचं गर्भाशय काढायचंय."

कांचनने खोका परत पुढे केला. "मग हे मी कसं घेऊ? आईला काय देणार?"

मिरेलिसला प्रश्नच कळला नसावा. तिने मावशींकडे पाहिलं, मग कांचनकडे. "आईची तारीख अजून लागलेली नाही," ती लहान वर्गाला शिकवावं तसं सावकाश म्हणाली. "रोलांदोची गुरुवार आहे. ज्याची तारीख आधी, त्याचं सामान. आईची लागेल तेव्हा गल्ली बघेल."

"आणि गल्लीत तेव्हा नसलं तर?"

"तर पुढची गल्ली." तिने खांदे उडवले आणि दाराला टेकून उभी राहिली.

कांचन खोका छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. आपल्या कंपनीत वर्षानुवर्षं बसून लोक सिस्टिम बांधतात, तिच्या आकृत्या काढतात, तिच्यावर मीटिंगा घेतात. इथे कुणी काही लिहिलेलं नव्हतं आणि कुणी प्रमुख नव्हतं. तरी सगळ्यांना पाठ होतं. खोका कुणाच्या कपाटात आहे याला अर्थ नाही, तारीख कुणाची आहे याला अर्थ आहे. आणि हे करताना कुणाच्या चेहऱ्यावर आपण काही मोठं करतोय असा भाव नव्हता. हेच तिला सगळ्यात जास्त अंगावर आलं. तिला त्या बैठ्या घरांकडे नीट पाहवेना.

गल्लीच्या शेवटी निळ्या दाराचं एक घर होतं. मावशी त्या घरासमोरून पुढे गेल्या. थांबल्या नाहीत, हाकही मारली नाही.

"इथे नाही विचारायचं?" कांचन म्हणाली.

"नाही."

"घरी कोणी नाही का?"

"आहे. एवेलिओ आहेत." मावशींनी आवाज खाली आणला, आणि तो त्यांचा एवढा लहान आवाज कांचनने पहिल्यांदाच ऐकला. "त्यांच्याकडे जाळी आहे. त्यांच्या भावासाठी आणलेली. दोन वर्षांपूर्वी भावाला हेच दुखणं होतं. तारीख लागली, पण नेणारी माणसं मिळेनात, तेव्हा विमानं बंद होती. मग आतडं अडकलं. खोका राहिला. तिथे मागायचं नाही."

कांचनच्या तोंडाशी आलं होतं, की पण मावशी, इथे जिवाचा प्रश्न आहे. ते तिने गिळलं. आज तिचा एक शहाणपणा पुरे झाला होता.

घरी येऊन दोघींनी टेबलावर सगळं मांडलं. गोळ्या होत्या, धागा होता, हातमोजे होते, इंजेक्शनं होती, कापड तर होतंच. गेलं त्याहून थोडं जास्तच जमलं होतं. फक्त जाळी नव्हती. मावशींनी रोलांदोला फोन लावला. क्यूबात फोन लागला की आधी कुणी कसा आहेस विचारत नाही, वीज आहे का विचारतात. वीज होती. मावशींनी त्याला जाळीबद्दल काही सांगितलं नाही. जेवलास का, अंघोळीला पाणी आलं का, एवढंच. रोलांदो पलीकडून सांगत होता की शेजाऱ्याने गुरुवारी हॉस्पिटलात न्यायला घोडागाडी ठरवली आहे आणि त्याने चांगला शर्ट धुऊन ठेवला आहे. फोन ठेवल्यावर मावशी उलट्या दिशेला तोंड करून भांडी घासत बसल्या. भांडी मघाशीच घासलेली होती.

सूर्य मावळला. युसिमी आली, एकेक खोका पाहून बॅगेत ठेवू लागली. वजन जास्त भरलं तेव्हा तिने स्वतःच्या बॅगेतले दोन नवे बूट काढून मावशींच्या कॉटखाली सारले. बुटांचा मालक पंधरवडा थांबेल, ती म्हणाली. मग जाळीची जागा रिकामी ठेवून ती मावशींकडे पाहत राहिली. मावशींनी नकारार्थी मान हलवली.

त्याच वेळी कुंपणाचं फाटक वाजलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले एक उंच, वाकलेले म्हातारे अंगणात उभे होते. कांचनने त्यांना ओळखलं. कॉफीच्या खिडकीशी तिला सावलीत बसा म्हणणारे हेच. मावशी घाईने बाहेर गेल्या.

एवेलिओंनी नमस्कार वगैरे केला नाही. "आज सगळ्यांची दारं वाजली," ते म्हणाले. "मी खिडकीत बसून ऐकत होतो. माझंच कुणी वाजवलं नाही."

मावशी एक पाऊल पुढे झाल्या. "एवेलिओ, मी कशी..."

"मी मेलो आहे का?"

"नाही."

"मग?"

त्यांच्या हातात चपटा, पांढरा खोका होता. कोपरे कुठेही दबलेले नव्हते. दोन वर्षं माणसाने वस्तू कशी जपली असेल ते त्या कोपऱ्यांवरून दिसत होतं. त्यांनी तो मावशींना दिला नाही, सरळ युसिमीकडे गेले आणि तिला छापलेली तारीख दाखवली. अजून काही महिने बाकी होते. युसिमीने हात पुढे केला. एवेलिओंनी खोका तिच्या हातावर ठेवला, पण आपली बोटं काढली नाहीत. दोघं तसेच उभे राहिले. युसिमी, जिला घाईशिवाय दुसरं काही माहीत नाही, ती घाई न करता थांबली.  शेवटी बोटं सुटली.

"एक काम आहे," एवेलिओ म्हणाले. "रोलांदोला सांग, उठून बसता आलं की मला फोन कर म्हणावं. कारिदादच्या आधी नको. तिच्या नंतर चालेल." ते थोडं थांबले. "मला आता तिकडून कुणाचा फोन येत नाही."

त्यांना कुणी खुर्ची देण्याआधीच ते फाटकातून बाहेर पडले होते. मावशी अंगणात उभ्या राहून मोठ्याने रडल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा, आणि गल्लीने ऐकूनही कुणी विचारायला आलं नाही. कांचन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने सगळं बोलून टाकलं, की खोके मी फेकले हे तुम्ही लोकांना सांगा, मला असं झाकून ठेवू नका. मावशींनी नाक पुसलं. "सगळ्यांना माहीत आहे, पोरी," त्या म्हणाल्या. "निळा डबा नेणारा ट्रकवाला मिरेलिसचा दीर आहे."

कांचनचं परतीचं विमान बुधवारचं होतं. तिने ते पुढे ढकललं. निमिषने 'का' म्हणून विचारलं नाही. गुरुवारी सकाळपासून मावशींनी फोन झग्याच्या खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसल्या. सकाळी काही आलं नाही. ओल्गीनमध्ये वीज गेल्याची बातमी कुणीतरी आणली. दुपार झाली. हॉस्पिटलला जनरेटर असतो, असं कांचन म्हणाली. मावशी म्हणाल्या, असतो, आणि त्यात डिझेल असलं तर चालतो. शेजारणी येऊन बसत होत्या, उठून जात होत्या. रंगारी रंगाचे हात तसेच घेऊन आला आणि दारात उभा राहिला. कांचनच्या मनात लेख, संपादक, कोंबडे, काही उरलं नव्हतं. जाळीची तारीख उलटली नव्हती ना, पाकीट नीट होतं ना, एवढंच ती सारखं घोकत होती.

चारच्या सुमाराला फोन वाजला. रोलांदोच्या बायकोचा होता. झालं, ती म्हणाली. एकच शब्द, आणि मागून एका पुरुषाचा कण्हण्याचा आवाज, आणि त्या आवाजात शिवी. शिवी ऐकून मावशी खदखदून हसल्या आणि त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. सगळं घर एकदम बोलू लागलं.

संध्याकाळी कांचन आंबे घेऊन निळ्या दाराच्या घरी गेली. एवेलिओ अंगणात सदरा घालून बसले होते. त्यांना बातमी कधीच कळली होती. त्यांनी तिला दुसरी खुर्ची दिली. दोघं आंबा खात बसले. मग त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला. पडद्यावर क्यूबाचा नंबर होता, पाच, तीन, आणि पुढे लांबलचक.

एवेलिओंनी आंब्याचे हात पुसले. फोन उचलून समोर धरला, पण घेतला नाही. कांचन अस्वस्थ झाली. "काका, घ्या ना," ती म्हणाली. "बंद होईल."

"होणार नाही," ते म्हणाले. "रोलांदोला धीर आहे. थोडा वाजू दे."